मरण कुणाच्या वहीत?

राई-मुर्ध्याकडची जुनी माणसं मरणाची तारीख सांगत नाहीत. कोण कधी गेलं म्हणून विचारलं, की उत्तर येतं ऋतूतून, सणातून, नाहीतर साथीतून. "आगोट परली तवा गेला तो," म्हणजे पावसाळा तोंडावर आला तेव्हा. "मिठाच्या राशी झाकाच्या व्हत्या तवा." "घरान घट बसलं व्हतं." भाईंदर स्टेशनातून पश्चिमेला उतरून उत्तनकडे निघालं, की वाटेत राई, मुर्धा, मोर्वा ही आमची आगरी गावं लागतात. खाडीकडे खाजणं आणि मिठागरं, गावाकडे भातशेती. वर्षाचे दोन भाग: पावसात भात, उन्हाळ्यात मीठ. घड्याळ आणि कॅलेंडर घरात यायच्या आधीपासून माणसं याच दोन भागांत जन्मत आणि मरत आली. त्यामुळे आजीची, आत्याची ही उत्तरं मोघम वाटली तरी मोघम नसतात. त्यांत महिना असतो, कधी पंधरवडाही असतो. तो वाचता यायला हवा.

आमच्या घरात हा शोध सुरू झाला तो जात पडताळणीपायी. पुतणीला शिक्षणासाठी वैधता प्रमाणपत्र हवं होतं. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो वडिलांकडच्या रक्तातल्या माणसाचा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला नाही. जमीन कधी नावावर नव्हती, म्हणजे सातबारा नाही. राहिला एकच मार्ग, तो म्हणजे कुणाच्या तरी मृत्यूची नोंद. आमच्या गावांत कितीतरी घरं आपल्या पूर्वजांपर्यंत अशीच पोचली आहेत. गरज प्रमाणपत्राची असते आणि हाती लागतो एक माणूस.

तेव्हा आमच्या नात्यातले एक निवृत्त तलाठी मला म्हणाले होते, "मयत शोधू नकोस. त्या मयताशी काम कुणाला होतं, ते शोध. ज्याचं काम होतं त्यानेच ती वहीत लिहून ठेवली असेल." पुढे जे काही सापडलं ते या एका सल्ल्याच्या जोरावर. मरणाची नोंद कुणी मरणाऱ्यावरच्या मायेपोटी करत नाही. कुणाला जमीन दुसऱ्याच्या नावे करायची असते, कुणाला दफनविधीचा हिशेब ठेवायचा असतो, कुणाला साथ किती पसरली ते मोजायचं असतं, कुणाला श्राद्धाचा दिवस चुकवायचा नसतो. ज्याचा त्याचा हेतू, तशी ज्याची त्याची वही.

सगळ्यात भरवशाची वही महसूल खात्याची. मुंबई इलाख्यात 1903 साली हक्कनोंदीचा कायदा आला आणि पुढे गावोगाव फेरफाराच्या वह्या तयार झाल्या. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही, 6-क म्हणजे वारसांची. खातेदार गेला, की तलाठी लिहिणार: अमुक इसम अमुक तारखेस मयत, त्यास वारस अमुक. एका परिच्छेदात मरण आणि वंशावळ दोन्ही. आजीच्या माहेराला दोन तुकडे भातशेती होती, म्हणून तिच्या बापाचं मरण आम्हाला जुन्या फेरफारात सहज मिळालं. मुलगे तीन, तिघांची नावं, धाकट्यापुढे 'अज्ञान पालनकर्ता आई' असा शेरा. त्या घरात मुली चार होत्या. एकीचंही नाव तिथे नाही.

मुलींची नावं या वहीत रीतसर येऊ लागली ती 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांचा शोध घेणाऱ्याने त्या सालानंतरचे वारस फेरफार अगदी ओळ न् ओळ वाचावेत. मुलीचं सासरचं नाव, कधी सासरचं गाव, तिथेच सापडतं. त्याच्या पाठोपाठ बहुतेक वेळा दुसरी नोंद असते ती हक्कसोडपत्राची. बहिणींनी भावांसाठी हक्क सोडला, खाली सह्या, अंगठे. आमच्या कितीतरी आत्यांची नावं सरकारी कागदावर उमटली ती फक्त हक्क सोडतानाच. वाईट वाटतं, पण शोधणाऱ्याने तो कागद डोळ्यांवेगळा करू नये. त्या बाईच्या नावाचा दुसरा पुरावा नसण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी वही घरातलीच, आणि ती कागदाची नाही. भाद्रपदाच्या वद्य पक्षात कुणाचं पान कोणत्या तिथीला वाढतात, त्यात अर्धा इतिहास असतो. ज्या दिवशी माणूस गेलं ती तिथी, एवढं तर सगळ्यांना ठाऊक असतं. पण अविधवा नवमीला जिचं श्राद्ध होतं ती सवाष्ण गेली, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेली, हे कागद न उघडता कळतं. चतुर्दशीला ज्याचं होतं तो अपघाताने किंवा शस्त्राने गेला असणार. कुणाची तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या. ती कुणासाठी करतात हे विचारलं, तर कधीकधी एखादा परागंदा झालेला, समुद्रावर गेलेला, मुंबईच्या गोदीत हरवलेला माणूस पुढे येतो. तिथीत साल नसतं, ही तिची अडचण. तेवढं साल म्हाताऱ्या माणसांच्या साथीच्या, पुराच्या, लग्नाच्या गोष्टींतून घ्यायचं आणि जंत्रीत बसवायचं.

पणजोबांचं तसंच झालं. आत्या आता ऐंशी ओलांडून गेली आहे. तिने तिच्या आईकडून ऐकलेलं, आईने सासूकडून. सासू म्हणजे पणजोबांची बायको. तिचं वाक्य तीन बायकांच्या तोंडून जसंच्या तसं माझ्यापर्यंत आलं: "मानमोडीचे साली, घट बसलं व्हतं. खांदा द्याला मानसा नव्हती." मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ. त्या वर्षी जूनमध्ये ती मुंबईत उतरली, पावसाळ्यात जरा ओसरल्यासारखी झाली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परत उसळली ती दसपट मारक होऊन. वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं तिने आधी नेली. हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास माणसं गेल्याचे अंदाज आहेत, काही त्याहून मोठे. पाऊसही त्या साली फसला होता. मुंबईपासून भाईंदरपर्यंत रेल्वे 1864 पासून होतीच. मुंबईत जे येई ते आमच्याकडे यायला वेळ लागत नसे. 1896 चा प्लेग काय आणि ही मानमोडी काय.

शके 1840 मधले घट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बसले आणि दसरा महिन्याच्या मध्यावर आला. म्हणजे पणजोबांच्या मरणाला जेमतेम दहा दिवसांची चौकट मिळाली, आणि ती मिळाली एका निरक्षर विधवेच्या वाक्यातून. त्या चौकटीवाचून पुढचा कागद उघडताच आला नसता.

तो कागद पाहण्याआधी तिसरी वही, चर्चची, समजून घ्यायला डोंगरीला जाऊन आलो. उत्तन, डोंगरी, चौक, पाली या पट्ट्यातल्या ख्रिस्ती कोळी घरांशी आमचे जुने संबंध. डोंगरीला बेथलेहेम मातेचं पोर्तुगीज काळापासूनचं चर्च आहे. वसई आणि साष्टी 1534 च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली. पुढे 1563 साली संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या ठेवणं प्रत्येक धर्मग्रामाला सक्तीचं केलं, आणि 1614 च्या रोमन विधिसंहितेने त्यात मृतांच्या वहीची भर घातली. या वहीत शिरायला सातबारा लागत नाही. कोळीण असो, कोळणीचं महिन्याचं पोर असो, दफन झालं की नोंद झाली. नाव, वय, बापाचं किंवा जोडीदाराचं नाव, तारीख, धर्मगुरूची सही. आमच्या एका जुन्या स्नेह्याच्या खापरपणजीचं नाव त्यांच्या धर्मग्रामाच्या अशाच वहीत निघालं, पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं. घरात तिला ज्या नावाने हाक मारत ते अगदी वेगळं होतं, पण नवऱ्याचं नाव आणि पाडा जुळला.

ख्रिस्ती घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साष्टीतल्या चर्चांवर दीर्घकाळ गोव्याचा अधिकार चालला, 1886 पासून दमणच्या धर्मप्रांताचा, आणि 1928 साली ती मुंबईच्या धर्मप्रांतात आली. त्यामुळे जुन्या वहीची प्रत कुठे असेल, हा प्रश्न त्या त्या सालच्या अधिकाराप्रमाणे सोडवावा लागतो. कबरीच्या दगडावर फार विसंबू नये. मुंबई परिसरात जागा अपुरी पडल्याने कबर काही वर्षांनी पुन्हा उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात. वही मात्र राहते. मुंबईचं 'एक्झामिनर' हे कॅथलिक साप्ताहिक 1850 पासून निघतं आहे आणि मराठी वाचणाऱ्या वसईकडच्या ख्रिस्ती माणसांसाठी 'सुवार्ता' आहे. त्यांचे जुने अंकही चाळण्याजोगे.

चौकच्या वाटेवर धारावी किल्ल्याचे अवशेष लागतात. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मार्च 1739 मध्ये तो मराठ्यांनी घेतला, आणि मे महिन्यात वसई पडली. त्या लढायांत कामी आलेल्यांच्या घरच्यांना बालपरवेशी, म्हणजे निर्वाहाची नेमणूक, देण्याची मराठ्यांची रीत होती. अशा नेमणुका जिथे झाल्या तिथे दप्तरात नाव राहिलं, कारण सरकारला पैसे मोजायचे होते. त्याच धुमश्चक्रीत खाडीकाठची जी गावकरी माणसं मेली, त्यांचं कुणी काही देणं लागत नव्हतं, म्हणून त्यांचं नावही नाही. तलाठीकाकांचं म्हणणं पावणेतीनशेहून अधिक वर्षं मागे नेलं तरी खरं ठरतं.

मग पणजोबांसारख्या माणसाचं काय? जमीन नाही, चर्च नाही, सरदारकी नाही. मिठागरावर कामाला जायचं, मोसमाचे पैसे आणायचे. अशांशी एकाच गोष्टीपुरतं सरकारचं काम होतं, ते म्हणजे साथीत किती मेले ते मोजणं. त्यासाठी गावोगाव जन्म-मृत्यूची नोंद ठेवली जाई. गाव नमुना 14, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. गावकामगार ती लिहीत आणि आकडे वर तालुक्याला जात. या वह्या आज तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत आहेत. मराठा आरक्षणाच्या निमित्ताने 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा कुणबी नोंदींसाठी हीच बाडं राज्यभर सोडली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. कारण या वहीत मयताच्या नावासमोर जात लिहिलेली असते.

आमची गावं तेव्हा साष्टी तालुक्यात होती. मुंबई उपनगर जिल्हा 1920 साली वेगळा निघाला तेव्हा तालुका दुभंगला आणि आमचा उत्तरेकडचा भाग ठाण्याकडे राहिला. जुन्या बाडावर 'ठाणे तालुका' शोधत बसलं तर हाती काही लागत नाही, 'साष्टी' पाहावं लागतं. खाडीपलीकडून आलेल्या सुनांच्या माहेरचा शोध घ्यायचा तर वसई आता 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. माणसं जिथल्या तिथेच राहिली. त्यांच्यावरून हद्दी मात्र सरकत गेल्या.

ऑक्टोबर 1918 ची पानं मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी माझ्याशेजारी बसून वाचली. कागद तपकिरी, कडा खाल्लेल्या, शाई मात्र काळीभोर. रकाने असे: अनुक्रम, तारीख, मयताचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, कारण. एरवी एका पानावर दोन-तीन महिने मावतात. त्या ऑक्टोबरला पानं पुरली नव्हती. कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीत 'ताप' लिहिलेलं आणि खाली ओळीमागून ओळ फक्त बारीक दोन रेघा. लिहिणाऱ्याला तो शब्दही पुन्हा पुन्हा लिहिण्याची फुरसत नव्हती. खांदा द्यायला माणसं नव्हती, हे पणजीचं वाक्य त्या दोन रेघांत मला पहिल्यांदा पुरतं कळलं.

पणजोबा घटाच्या दिवसांतच सापडले. नाव, बापाचं नाव, जात आगरी, वय 'सुमारे 30', कारण ताप. पुतणीचं काम झालं. आम्ही उठणार एवढ्यात ते गृहस्थ म्हणाले, "थांबा, हेच नाव खाली परत आलंय." दोन ओळी सोडून पुढच्या दिवसाची नोंद होती. बापाच्या रकान्यात पणजोबांचं नाव. मयताच्या रकान्यात नाव नाही, नुसतंच 'मुलगी'. वय 2. कारणासमोर त्याच दोन रेघा.

माझ्या आजोबांना बहीण होती, हे आमच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. इतक्या लहान मुलांना दहन नसतं, पुरतात. त्यांचं श्राद्ध होत नाही, म्हणजे तिथीच्या वहीत ती नाही. जमिनीची वारस नाही, म्हणजे फेरफारात नाही. लग्नाच्या वयाची झाली नाही, म्हणजे कुणाच्या सोयरिकीच्या बोलण्यात नाही. मोजणीसाठी म्हणून कुणा गावकामगाराने ओढलेली ती एक ओळ, एवढाच तिच्या असण्याचा पुरावा. आत्याला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हिशेब करत राहिली. मग म्हणाली, "आजीन कदी काराला नाय ईषय. सांगून काय करनार व्हती ती? समोरची पोरा जगवाची व्हती." नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पोर गेली, आणि त्यातलं एक दुःख ती तीन पिढ्यांना सांगत राहिली, दुसरं तिने कुणालाच सांगितलं नाही. कागद तारीख सांगेल एवढीच माझी अपेक्षा होती. म्हाताऱ्या माणसांनी जे गिळून टाकलं तेही कागद सांगू शकतो, हे त्या दिवशी समजलं.

आजच्या मरणाची नोंद त्या मानाने सोपी आहे, पण तिचेही काही नियम माहीत असलेले बरे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. माणूस राहायला कुठे होता याला महत्त्व नाही. आमच्या गावांतली कितीतरी माणसं शेवटच्या आजारात केईएमला, नायरला नेली गेली. त्यांच्या नोंदी मुंबई महापालिकेकडे आहेत, आणि घरचे मात्र भाईंदरला शोधत राहतात. इथेच मृत्यू झाला असेल तर साल महत्त्वाचं. मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली 12 जून 1985 ला, महानगरपालिका 28 फेब्रुवारी 2002 ला. आपलं गाव नगरपरिषदेत येण्याआधीच्या नोंदी आपापल्या ग्रामपंचायतीच्या नावाने शोधायच्या. या कायद्यात शोध घ्यायला सांगण्याचा हक्क कोणालाही आहे. उतारा मिळतो, मात्र मृत्यूचं कारण त्यात येत नाही. ते गोपनीय राहतं. आजोबा नेमके कशाने गेले, हे म्हणून घरातूनच विचारून ठेवावं लागतं.

वर्तमानपत्रांचाही असाच उपयोग. ठाण्यात 'अरुणोदय' 1866 साली निघालं, पण मिठागरावरच्या माणसाच्या मरणाची बातमी त्यात येण्याचं कारण नव्हतं. आमच्या माणसांच्या मरणाला छापील ओळ मिळू लागली ती खूप पुढे, घरात नोकऱ्या आल्यावर. निधनवार्ता वाचताना शेवटचं वाक्य सोडू नये. पश्चात कोण कोण, किती मुलगे, किती मुली, सुना, जावई. आणि उत्तरकार्य कोणत्या गावी, कोणत्या घरी. कोकणातून, घाटावरून येऊन भाईंदरच्या चाळींत राहिलेल्या घरांना आपलं मूळ गाव कधीकधी या एका ओळीतून परत मिळतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, मुंबईचं 1898 पासून. जुनी नियतकालिकं तिथे बसून पाहता येतात. घरात मात्र असे कागद शोधून मिळणं कठीण. मयतीचं पोस्टकार्ड घरात ठेवत नसत, वाचून झालं की फाडून टाकत. तेव्हाच्या माणसांना ते अशुभ वाटे. आपण निदान आजच्या निधनाच्या छापील पत्रिका आणि पुण्यस्मरणाची कात्रणं, मागे तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव लिहून, एका पाकिटात ठेवू शकतो.

पण सगळ्याच्या आधी माणसं. त्यांना तारीख विचारू नये, ती त्यांना येत नाही आणि मग ती ओशाळून गप्प होतात. पाऊस होता का, शेतात काय होतं, कुणाचं लग्न झालं होतं, पोटात कोण होतं, खांदा कुणी दिला, हे विचारावं. बाईबद्दल विचारताना माहेरचं नाव आणि गाव आधी घ्यावं, कारण कागदाने ते सहसा घेतलेलं नसतं. आणि मुलं किती झाली याबरोबर गेलेली किती, हेही हळुवारपणे विचारावं. बोलणं त्यांच्याच शब्दांत उतरवावं. त्यात बदल केला तर घट आणि आगोट निसटून जातात, आणि त्यांच्याबरोबर महिनाही.

तहसिलातली, ग्रामपंचायतींची, धर्मग्रामांची ही बाडं छायाचित्रित होऊन नीट सूचीसह लोकांसमोर आली पाहिजेत, आरक्षणाचा प्रश्न असो वा नसो. ज्यांचं जमिनीत, शिलालेखात, वर्तमानपत्रात कुठेच काही नाही, त्यांचा तो एकमेव इतिहास आहे. आम्ही घरी एक जाड वही केली आहे. आत्या सांगते, पुतणी लिहिते. प्रत्येक नावापुढे कुणी सांगितलं आणि कोणत्या कागदात सापडलं, दोन्ही. पणजोबांच्या खाली त्यांच्या मुलीची ओळ आहे: वय दोन, ऑक्टोबर 1918. तिचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. पण आज घरात जी म्हातारी माणसं आहेत, त्यांना ठाऊक असलेली नावं अजून विचारून घेता येतात, आणि ते काम कुठल्याही कचेरीचं नाही, आपलं आहे.